सभासदांचा खातेउतारा

निवडणूक जवळ आली म्हणजे सभासद कोण व्हावा याविषयी गावोगाव जितकी चर्चा होते, तिच्या शतांशानेही तो सभासद झाल्यावर त्याने काय केले याविषयी होत नाही. बैल विकत घेताना आपण त्याचे दात पाहतो, खांदा पाहतो, चाल पाहतो. आणि दावणीला बांधल्यावर नांगरास कसा चालतो हेही पाहतो. सभासदाच्या बाबतीत मात्र सारी पारख मतदानाच्या दिवशी आटोपते, आणि पुढील पाच वर्षे तो कोणत्या पाळीस चालला व कोणत्या पाळीस बसला याची नोंद कोणापाशीही नसते. मुदत संपल्यावर हिशेब मागावयाचा तर कागद नाही, आणि कागद नसला म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे खरे ठरते.

याकरिता प्रस्तुत लेखात एका जुन्या सभागृहाच्या एका मुदतीचा हिशेब मांडण्याचे योजिले आहे. ते सभागृह म्हणजे १९३७ च्या आरंभी निवडून आलेली मुंबई इलाख्याची असेंब्ली होय. तेच निवडण्याची कारणे दोन. कूळ, बाजार व जमाबंदी या विषयांवरील ज्या कायद्यांखाली आपण आज वागतो, त्यांची मुळे पुष्कळ अंशी त्या सभागृहात आहेत, हे पहिले. आणि त्या वेळच्या पक्षांची भांडणे आता निवालेली असल्यामुळे त्या सभासदांचे गुणदोष शांत चित्ताने पाहता येतात, हे दुसरे. चालू सभागृहाविषयी लिहू गेल्यास वाचक लेख बाजूस ठेवून लेखकाचा पक्ष कोणता हेच आधी शोधू लागतो.

हिंदुस्थान सरकारच्या १९३५ च्या कायद्यातील प्रांतिक स्वायत्ततेचा भाग १ एप्रिल १९३७ पासून अमलात आला. सिंध त्यापूर्वीच वेगळा झाला होता. इलाख्यात गुजराथ, मुंबई शहर, कोकण, देश, खानदेश आणि कानडी जिल्हे एवढा मुलूख राहिला होता. वऱ्हाड-नागपूर मध्यप्रांतात आणि मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तेथील शेतकऱ्यांचा या सभागृहाशी संबंध नव्हता. सभासद एकंदर १७५ होते. त्यांपैकी सर्वसाधारण जागा ११४; त्यांतच १५ जागा अस्पृश्य मानलेल्या वर्गांकरिता व ७ मराठ्यांकरिता राखून ठेविलेल्या. मुसलमानांच्या २९, स्त्रियांच्या ६, व्यापार व उद्योगधंदे यांच्या ७, मजुरांच्या ७, जमीनदारांच्या २, आणि बाकीच्या १० युरोपियन, अँग्लो-इंडियन, हिंदी ख्रिस्ती, विद्यापीठ व मागासलेल्या जमाती यांच्या. जमीनदारांच्या म्हणून ज्या दोन जागा होत्या त्या सरदार व इनामदार यांच्या होत्या. साध्या खातेदाराकरिता वेगळी जागा नव्हती. तथापि ग्रामीण मतदारसंघांतील मतदार हा बहुतांशी खातेदारच असल्यामुळे सभागृहाचा पाया त्याच्याच खांद्यावर होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

मतदार कोण, हे कसे ठरत असे? ते महसुली दप्तरावरून ठरत असे. खेड्यात ज्याच्या नावे निदान आठ रुपये आकाराची जमीन, मग ती मालकीची असो वा कुळाने कसलेली असो, त्यास मत. त्यापूर्वीच्या, म्हणजे १९१९ च्या सुधारणांच्या वेळी हीच मर्यादा सामान्यतः बत्तीस रुपयांची होती. रत्नागिरी व पंचमहाल या जिल्ह्यांत ती सोळा रुपये ठेविली होती. बत्तीसावरून आठावर येताच मतदारयादी गावच्या पाटलाच्या वाड्यातून निघून मधल्या खातेदाराच्या ओसरीपर्यंत आली. घरभाडे, शिक्षण, लष्करी नोकरी इत्यादी पात्रतेचे आणखी मार्ग होते. पण खेड्यात मुख्य कसोटी साऱ्याची. ज्याच्या नावे सात रुपये पंधरा आणे आकार, तो बाहेर. ज्याच्या नावे कांहीच नाही असा शेतमजूर तर बाहेरच बाहेर. सभासद मात्र निवडून गेल्यावर मत देणारा व मत नसलेला या दोघांवरही कायदा करणार होता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

दुसरी एक चांगली योजना त्या निवडणुकीत होती व ती आज आपण विसरलो आहो. पुष्कळ मतदारसंघांतून एकाहून अधिक सभासद निवडावयाचे असत. मतदारास जितक्या जागा तितकी मते मिळत, आणि ती सर्व मते एकाच उमेदवारास देण्याची त्यास मुभा असे. यामुळे संख्येने थोड्या असलेल्या लोकांस आपली मते एकवटून आपला मनुष्य पाठविता येई. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९३६ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षास जे यश मिळाले, त्यास या पद्धतीचा मोठा हातभार लागला.

निवडणुकीत काँग्रेसला ८६ जागा मिळाल्या. १७५ च्या सभागृहात निम्म्यास थोड्या कमी. गव्हर्नरच्या खास अधिकारांविषयी खुलासा झाल्यावाचून अधिकार घेणार नाही असे काँग्रेसने म्हटल्यावरून आरंभी सर धनजीशहा कूपर यांचे तात्पुरते मंत्रिमंडळ आले. जुलै १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर मुख्य प्रधान झाले; महसूल खाते मोरारजी देसाई यांजकडे व जमाखर्च अण्णासाहेब लठ्ठे यांजकडे गेला. त्याच महिन्यात पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये सभागृह भरले आणि गणेश वासुदेव मावळंकर अध्यक्ष निवडले गेले. मंत्र्यांनी आपले वेतन दरमहा पाचशे रुपये ठरवून घेतले. तेथपासून नोव्हेंबर १९३९ पर्यंत, म्हणजे सुमारे सव्वादोन वर्षे, हे सभासद खऱ्या अर्थाने कामावर होते.

एवढ्या अवधीत त्यांनी केलेले काम पाहता जमेची बाजू भक्कम आहे. १९३८ मध्ये लहान खातेदारांच्या जमिनींचे लिलाव तहकूब करणारा कायदा झाला. सत्याग्रहाच्या चळवळीत सारा न भरल्याबद्दल ज्यांच्या जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या होत्या, त्या परत मिळवून देण्याचा कायदाही त्याच वर्षीचा. १९३९ हे साल तर शेतकऱ्यांच्या दृष्टीने विशेष सुगीचे गेले. शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यात कर्जाची चौकशी करून ते फेडण्यासारखे करून देणारी मंडळे योजिली होती. शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. त्यापूर्वी १९२७ चा कायदा केवळ कापसाच्या बाजारांपुरता होता, तो आता इतर मालासही आला. जमाबंदीच्या फेरपाहणीचे नियम, जे तोपर्यंत बहुतांशी सरकारी हुकुमांवर चालत, ते १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात रीतसर घालण्यात आले. आणि याच वर्षी कूळ कायदा मंजूर झाला.

कूळ कायद्याचा थोडा विस्तार करणे अवश्य आहे. १ जानेवारी १९३८ पूर्वी सतत सहा वर्षे ज्याने जमीन स्वतः कसली तो संरक्षित कूळ ठरावा. त्यास लहरीप्रमाणे काढता येऊ नये. सामान्य कुळाचा पट्टाही निदान दहा वर्षांचा समजावा. आणि खंडाखेरीज वेठ, बाब, पट्टी असे कांही घेता येऊ नये, असा त्याचा सारांश. ज्यांच्यापुढे आजही जुनी फेरफार पत्रके येतात त्यांस या तारखेचे महत्त्व सांगावयास नको. मी महसूल खात्यात कारकुनी केली त्या काळात कुळांच्या प्रकरणांची जी बाडे हातांखालून गेली, त्यांतील वाद कितीही गुंतागुंतीचा दिसो, अखेर अमुक तारखेस अमुक नंबरात नांगर कोणाचा होता, या एका प्रश्नावर येऊन थांबत असे.

आता नामंजूर खात्याकडे वळू. सप्टेंबर १९३७ मध्ये पुण्याच्या अधिवेशनात आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. खोतास भरपाई देऊन खोती काढून टाकावी आणि जमीन कसणाऱ्यास सरकारशी थेट खातेदार करावे, असा त्याचा आशय होता. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील व इतर भागांतील हजारो शेतकरी मुंबईस कौन्सिल हॉलवर चालून गेले. बिल मंजूर झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. म्हणजे सभागृहापुढे बिल आल्यापासून बारा वर्षे कोकणातील कुळाने वाट पाहिली. तरीही ज्या सभासदाने ते बिल मांडले त्याच्या खात्यात ते जमेसच धरावे लागेल. प्रश्न एकदा सभागृहाच्या दप्तरी चढला म्हणजे तो पुनः पुनः वर येतो. जो चढलाच नाही तो कोणाच्याही बापाच्याने निघत नाही.

येथपर्यंत हिशेब सरळ आहे. पुढे तो अवघड होतो. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने येथील कोणत्याही कायदेमंडळास न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईचे मंत्रिमंडळ नोव्हेंबर १९३९ च्या आरंभी गेले. १९३५ च्या कायद्यातील ९३ व्या कलमाखाली सर्व कारभार गव्हर्नरने आपल्या हाती घेतला. सभागृह विसर्जित झाले नाही, पण ते भरलेही नाही. युद्ध चालू असेपर्यंत नवी निवडणूक होऊ शकली नाही; ती १९४६ साली झाली. म्हणजे पाच वर्षांकरिता निवडलेले सभासद सव्वादोन वर्षे सभागृहात बसले, आणि पुढील सहा वर्षांहून अधिक काळ बसावयास सभागृहच नव्हते.

राजीनामा देण्याचे कारण तत्त्वाचे होते आणि त्या तत्त्वाचा मान मी कमी लेखीत नाही. ज्या राज्यकर्त्यास आपल्याला विचारावयाचीही गरज वाटत नाही, त्याच्या राज्यात मंत्रिपद भोगणे मानी मनुष्यास रुचणार नाही. परंतु हिशेबनिसाचे काम जमेबरोबर खर्चही लिहिण्याचे आहे. तत्त्वाची किंमत पडते. ती कोणी दिली हे लिहावे लागते. मंत्र्यांनी आपली खुर्ची दिली, पुढे तुरुंगवास भोगला. ती त्यांची किंमत. पण कुळानेही किंमत दिली, आणि त्यास ती देतोस काय असे कोणी विचारले नव्हते.

ती अशी. कूळ कायदा मंजूर झाला १९३९ साली. गव्हर्नरच्या राजवटीत तो प्रथम कांही निवडक जिल्ह्यांपुरता लागू करण्यात आला. सबंध प्रांतास लागू झाला तो एप्रिल १९४६ मध्ये. सभागृहाने हात वर केले तेव्हापासून कायदा सर्व गावांत पोहोचेपर्यंत जवळजवळ सात पावसाळे गेले. आता खेड्यातील व्यवहार जाणणाऱ्यास हे सांगावयास नको की, कायदा येणार ही वर्दी मालकास आधी लागते व कुळास मागून. मधल्या काळात कुळाकडून राजीनामा लिहून घेणे, दरसाल नंबर बदलून देणे, कसणाराचे नाव पीकपाहणीस न लागू देणे, हे सर्व मार्ग मोकळे राहिले. सभागृह चालू असते तर कोणी सभासद उठून, ‘अमुक जिल्ह्यास कायदा केव्हा लागू करणार?’ एवढा प्रश्न तरी विचारता. सल्लागारांच्या राज्यात प्रश्न विचारावयाची जागाच नव्हती. पुढे कायद्याच्या दुरुस्तीत १ जानेवारी १९४५ ही दुसरी तारीख घालावी लागली, १९४८ साली सबंध कूळ कायदा नव्याने करावा लागला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन उजाडावा लागला. कर्जनिवारणाच्या कायद्याचीही तीच गत. १९४७ मध्ये नवा कायदा करून मंडळांचे काम दिवाणी न्यायालयांकडे देण्यात आले.

यावरून माझे म्हणणे इतकेच की, सभासदाचे काम कायद्यास मत दिले म्हणजे संपत नाही. तो कायदा गावच्या चावडीपर्यंत पोहोचला म्हणजे संपते. पेरणी केली म्हणून सुगी झाली असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. कायद्याच्या बाबतीत मात्र पेरणीच्या दिवशीच आपण सभासदाच्या गळ्यात हार घालतो आणि घरी येतो.

यावर आपल्यांतील कित्येक जमीनमालक बंधू म्हणतील की, ‘कूळ कायदा उशिरा आला हे बरेच झाले, आमच्या जमिनी त्यानेच नेल्या.’ या आक्षेपास बगल देणे बरे नव्हे. या मासिकाच्या वाचकांत असे पुष्कळ आहेत आणि त्यांतील कांहींचे नुकसान खरोखर झाले आहे. विधवा, अज्ञान मुले, पलटणीत गेलेला शिपाई यांच्या जमिनींचे दावे मी दप्तरात पाहिले आहेत आणि त्यांत सर्वच न्याय एका बाजूस नव्हता. परंतु ज्या सभागृहाने हा कायदा केला ते आठ रुपये आकार भरणाऱ्यांनी निवडलेले होते. त्या सभासदांनी आपल्या मतदारयादीबाहेर पाहिलेच नसते तर पुढील निवडणुकीस त्यांना अधिक सोयीचे झाले असते. त्यांनी पाहिले, यातच त्यांचे सभासदपण आहे. आणि दुसरे असे की, तोच कायदा १९३९ साली सर्वत्र एकदम, नोंदी ताज्या असताना, वाजवी खंडासह लागू झाला असता, तर पुढच्या कडक कायद्याची गरज कदाचित इतकी तीव्र भासली नसती. दिरंगाईचा फायदा मालकास होतो ही समजूत आखूड नजरेची आहे. दिरंगाईने व्याज चढते, आणि ते अखेर मुद्दलास भारी होते.

कोणी म्हणेल, ही जुनी कथा आज कशाला? त्यास उत्तर आपल्याच शिवारात आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून मतास आकाराची अट राहिली नाही. आज महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सभासद आहेत आणि अठरा वर्षे पुरी झालेल्या प्रत्येकास, सातबारा असो वा नसो, मत आहे. पण जमीन खंडाने किंवा बटाईने देणे चालूच आहे, आणि ते तोंडी चालू आहे. कागद केला तर कूळ लागेल, या भीतीने मालक लिहून देत नाही. लिहून नाही म्हणून कसणारास पीककर्ज मिळण्याची मारामार. गारपीट झाली तर पंचनामा सातबाऱ्यावरील नावाने, आणि भरपाई नांगर न धरणाराच्या खात्यात. मालकही सुखी नाही. जमीन पडीक ठेवावी तर नुकसान, द्यावी तर झोप नाही. मुदतीचा पट्टा लिहून दिल्याने मालकी जाणार नाही आणि कसणारास मात्र कर्ज, विमा व भरपाई मिळेल, अशी निश्चिंत व्यवस्था दोघांसही हवी आहे. सभागृहात १९३९ साली उघडलेल्या या खात्याची बाकी अद्याप निघालेली नाही. आपल्या तालुक्याच्या सभासदाने या एका विषयावर गेल्या मुदतीत किती वेळा तोंड उघडले, हे आपणांपैकी किती जणांस सांगता येईल?

सबब माझी सूचना अशी आहे की, आपल्या संस्थेच्या प्रत्येक तालुका शाखेने आपल्या सभासदाच्या नावे एक खातेउतारा ठेवावा. त्यास रकाने पाच असावेत. पहिल्यात अधिवेशनाचे दिवस किती व हजेरी किती. दुसऱ्यात शेती, पाणी, महसूल व बाजार या विषयांवर विचारलेले तारांकित प्रश्न व लक्षवेधी सूचना. तिसऱ्यात शेतकऱ्यांस लागू पडणारी बिले आणि त्यांवर त्याचे भाषण व मत. चौथ्यात मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने व ती पुरी झाल्याची तारीख. याकरिता विधानमंडळाची आश्वासन समिती आहे, तिच्या अहवालांचा उपयोग करावा. पाचवा रकाना सर्वांत महत्त्वाचा: मंजूर झालेला कायदा आपल्या तालुक्यास प्रत्यक्ष लागू केव्हा झाला, त्याचे नियम केव्हा निघाले, आणि गावच्या तलाठ्यापाशी त्याचा हुकूम केव्हा आला. १९३९ ते १९४६ या वर्षांत हा पाचवा रकाना कोणी भरीत नव्हते, हेच सगळ्याचे सार.

सभागृहाचे कामकाज छापले जाते. ते गुप्त नाही. एखाद्या शिक्षिताने अधिवेशनानंतर दोन संध्याकाळी बसून ते पाहिले तरी उतारा तयार होतो. वार्षिक सभेस सभासदास आदराने बोलवावे, हार घालावा, आणि मग तो उतारा त्याच्या समक्ष वाचून दाखवावा. जमा असेल तेथे जमा म्हणावे, कंजूषपणा करू नये. खर्च असेल तेथे कारण विचारावे, आणि कारण पटण्यासारखे असेल तर तेही लिहून घ्यावे. पक्ष पाहू नये. ज्यास आपण मत दिले त्याचा उतारा तर अधिक बारकाईने लिहावा, कारण त्याच्या चुकांवर पांघरूण घालण्याचा मोह आपल्यास अधिक होतो.

आणि रकाने भरताना एक पथ्य पाळावे. केवळ खातेदारांचे प्रश्न मोजू नयेत. ज्याच्या नावे आकार नाही तो बटाईदार, तो मजूर, ती परित्यक्ता जी दुसऱ्याच्या बांधावर खुरपते, यांच्याकरिता सभासद काय बोलला हेही त्यात यावे. ज्यांस मतच नव्हते अशांचा विचार आठ रुपयांच्या मतदारांनी पाठविलेल्या कांही सभासदांनी केला; आज सर्वांस मत असताना आपण पाठविलेल्या सभासदाकडून त्याहून कमी अपेक्षा करणे आपल्यास शोभणारे नाही. पुढील वार्षिक सभेपूर्वी निदान एका तालुक्याचा उतारा तयार होऊन या मासिकाकडे यावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.

— एक निवृत्त महसुली कारकून